मुनवा मागायचा असतो

मंडळी, आज एक सोपा प्रश्न. केळ्याची बी कधी पाहिलीये?

आठवून बघा. ऑफिसच्या पॅन्ट्रीत सकाळी अकरा वाजता, जिमला जाण्याआधी, चालत्या लोकलमध्ये एका हाताने... आतापर्यंत हजारभर केळी तर नक्कीच पोटात गेली असतील. आंब्याची कोय आपल्याला माहीत असते, सीताफळाच्या बिया माहीत असतात, पेरूची बी दातात अडकते तेही माहीत असतं. आणि केळ्याची? केळं मधोमध कापलं की मध्ये बारीक काळे ठिपके दिसतात ना, तेवढंच काय ते उरलंय. बी होता होता राहून गेलेल्या त्या खुणा. कुंडीत पेरून रोज पाणी घातलंत तरी त्यातून काही उगवायचं नाही.

मग जगातली एवढी केळी येतात कुठून? अहो, आईच्या कुशीतून!

जमिनीखाली केळीचा एक गलेलठ्ठ कंद असतो. वर दिसतं ते खरं खोड नसतंच. पानांचे देठ एकात एक गुंडाळून तयार झालेला तो खांब. लाकडाचा त्यात पत्ता नाही, त्यामुळे हिशेबाने केळ हे झाडसुद्धा नाही, अवाढव्य वाढलेलं हिरवं रोपटंच आहे. प्रत्येक खांब आयुष्यात एकदाच फुलतो. कंदातून निघालेला फुलोरा त्या खांबाच्या पोटातून वर चढतो, शेंड्याला केळफूल लोंबतं, घड धरतो, पिकतो आणि खेळ खलास. पण तोवर कंदाच्या कडेने नवे कोंब जमिनीतून वर आलेले असतात. त्यांनाच म्हणतात मुनवे. कुणी पिलं म्हणतं. जळगावकडे पहिला घड काढल्यावर त्याच कंदाच्या कोंबांवर दुसरं पीक घेतात, त्या बागेला ‘पिलबाग’ म्हणतात. काय गोड शब्द आहे!

तर केळीचा वंश चालतो तो मुनव्यावर. एकाने खणून काढायचा, दुसऱ्याने नेऊन लावायचा. न्यू गिनी बेटावर सात हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माणसं केळी लावत होती याच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून हे असंच चालू आहे. आता टिश्यू कल्चरची रोपं मिळतात खरी, पण प्रयोगशाळेलाही सुरुवात कुठल्यातरी केळीच्या कोंबापासूनच करावी लागते.

गंमत म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात जी रानकेळ दिसते, जिला चवई म्हणतात, तिचं सगळं बरोब्बर उलटं. तिच्या फळात दगडासारख्या बियाच बिया, आणि मुनवा मात्र एकही नाही. ती एकदा फुलते, बिया सांडते आणि मरते. तिला माणसाची गरज नाही. आपल्या परसातल्या केळीने मात्र बी सोडून दिली आणि स्वतःला आपल्या हवाली केलं.

आमचं मूळ घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे. तिथे आमची आते राहायची. कोकणातल्या घराची केळ कुठे असते हे शोधावं लागत नाही. न्हाणीघराचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे जायचं. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदळाच्या धुवणाचं सगळं पाणी पाटाने तिच्या बुडाशी. वेगळं पाणी नाही, वेगळं खत नाही. चुलीतली राख आणि गोठ्यातलं शेण, बस्स.

आणि त्या बदल्यात ती काय काय द्यायची! पिकली केळी तर झालीच. कच्च्या केळ्यांचे काप. केळफुलाची भाजी, म्हणजे आदल्या रात्री एकेका फुलातला ताठ दांडा काढत बसायचं, बोटं काळी करून घ्यायची आणि चिरलेलं ताकात भिजत घालायचं. पानात थापलेली पानगी. गणपतीत जेवायला पानं. सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट. सोपटातून काढलेल्या दोऱ्याने विणलेला अबोलीचा वळेसर. वळेसर केसांत माळून चतुर्थीला मिरवणाऱ्या पोरींपैकी किती जणींना माहीत असेल की तो केळीच्या अंगावरच्या दोऱ्यानेच बांधलाय?

आतेच्या केळीला नाव नव्हतं. बाजारात वेलची, राजेळी, बसराई अशी नावं असतात. आमच्याकडे ती नुसती ‘घरची केळ’. बोटभर लांब, पातळ सालीची, पिकल्यावर किंचित आंबट. आतेच्या सासूने ती माहेरहून आणलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, डोक्यावरच्या पाटीत घालून. त्या सासूच्या माहेरी ती कुठून आली ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

त्या घरच्या केळीचा एक मुनवा मी भांडुपला आणला. एका जूनमध्ये, कोकणकन्येने, बर्थखाली. पानं छाटलेली, कंद ओल्या गोणपाटात बांधलेला. टीसीने वाकून बघितलं, म्हणाला, ‘‘मॅडम, हे काय?’’ मी म्हटलं, ‘‘केळ.’’ तो गालातल्या गालात हसला आणि पुढे गेला. चिपळूणचा असावा!

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. तळमजला म्हणजे डास, पार्किंगचा धूर आणि शेजाऱ्यांच्या चपलांचे आवाज. पण मागे चार हात मोकळी जागा, आणि तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन. दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून घेतला, तळाला भोकं पाडली, माती, शेणखत आणि काथ्याचा भुसा भरला. सेक्रेटरीकाकांनी दोन दिवस चष्म्यावरून निरीक्षण केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘घड आल्यावर सोसायटीला किती टक्के?’’

हौशी मंडळींसाठी थोडा फंडा सांगते. मुनवे दोन प्रकारचे. एक तलवारी मुनवा: बुडाशी जाड, वर निमुळता, पानं तलवारीसारखी अरुंद. तो आईच्या कंदाला घट्ट धरून असतो, खोलवरून येतो, जोमाने वाढतो. दुसरा रुंद पानांचा. दिसायला गोंडस, लहानपणीच मोठी मोठी पानं काढून ऐटीत उभा, पण त्याचं मूळ वरवरचं आणि घडही यथातथाच. (ऑफिसातल्या कुणाची आठवण आली असेल तर तो योगायोग समजावा.) लावायला घ्यायचा तो तलवारी. दोन-तीन महिन्यांचा, गुडघ्याच्या वर आलेला. आणि ज्या केळीची नवी पानं शेंड्याला आखूड, ताठ आणि गुच्छासारखी झाली असतील, तिचा मुनवा कुणी फुकट दिला तरी नको. तो पर्णगुच्छ. मावा हा रोग पसरवतो आणि रोगट आईचं पोर रोग घेऊनच येतं.

ऊन किमान सहा तास. पाणी भरपूर, पण साचू द्यायचं नाही. वाऱ्याचा झोत नको. वरच्या मजल्यावरच्यांनी मोठ्या ड्रमच्या नादी लागण्याआधी वजनाचा विचार करावा, ओल्या मातीचा अर्धा ड्रम शंभर किलोच्या पुढे जातो. तुमच्यासाठी बुटक्या जातीची केळ बरी, तीही गॅलरीत भिंतीला धरून, आणि आधी सोसायटीला विचारून.

एवढं सगळं केलं की मग उरतं फक्त एक काम. वाट पाहणं.

आणि इथेच आपल्या पिढीची खरी परीक्षा! दहा मिनिटांत दूध दारात, दोन निळ्या टिका उमटूनही उत्तर नाही आलं तर पाचव्या मिनिटाला अस्वस्थ. केळ असल्या कशाला जुमानत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक नवं पान. सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं, मग एका सकाळी उलगडलेलं दिसतं. थंडी पडली की तेही लांबतं. तीस-चाळीस पानं काढून झाल्याशिवाय ती फुलायचं नाव घेत नाही. माझी केळ गणपतीपर्यंत माझ्या खांद्याला आली, दिवाळीला डोक्याच्या वर गेली, आणि मग डिसेंबरात जी थबकली ती थबकलीच. मुनव्याचा पत्ता नाही.

मुनवा हातात देताना आतेने बजावलं होतं, ‘‘रोज उकरून बघू नको हां. तो आपल्या वेळार येतलो.’’ दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न केळीबद्दल, दुसरा माझ्या तब्येतीबद्दल. ‘‘काय गो, पोटुशी झाली की नाय?’’ पलीकडच्या डेस्कवरच्या मैत्रिणीने एकदा स्पीकरवर हे ऐकलं आणि दिवसभर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली.

केळीसाठी ताटकळणारी मी काही पहिली नव्हे. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या श्रीमंत बँकरच्या काचघरात केळ होती, पण फुलत नव्हती. तिथे कामाला असलेल्या तरुण कार्ल लिनियसने तिला आधी काही आठवडे कोरडं ठेवलं आणि मग पावसाळ्यासारखं धो धो पाणी दिलं. ती फुलली. त्या आनंदात त्याने १७३६ साली तिच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे वनस्पतींच्या नावांची जगभर चालणारी पद्धत ज्याने घालून दिली, तोच हा लिनियस.

तसंच इंग्लंडात. ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवलेली केळ १८३५ साली फुलली. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीलाही तेच नाव. तिचे मुनवे एका मिशनऱ्याबरोबर बोटीने थेट सामोआ बेटांवर पोचले. आज तुमच्या पॅन्ट्रीत येणारं ते लांबलचक पिवळंधमक केळं, जळगावच्या बागांतलं ग्रँड नैन, याच कॅव्हेंडिश घराण्यातलं. म्हणजे ड्यूक असो की आतेची सासू, पद्धत एकच. मुनवा उचला आणि चालू लागा.

या पद्धतीचा एक धोकाही आहे. मुनवा म्हणजे आईची हुबेहूब नक्कल, त्यामुळे एकीला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. कॅव्हेंडिशच्या आधी युरोप-अमेरिकेच्या बाजारात ग्रो मिशेल नावाच्या केळ्याचं राज्य होतं. मातीतून पसरणाऱ्या पनामा रोगाने त्याचे मळेच्या मळे आडवे केले आणि १९६० च्या दशकात ते निर्यातीच्या बाजारातून बाद झालं. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे लागलाय. २०१९ साली तो कोलंबियात सापडला, आणि आपल्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या बागांपर्यंतही पोचलाय. अशा वेळी कुणाच्या तरी परसात, न्हाणीच्या पाण्यावर, बिननावाची एखादी वेगळी केळ तग धरून असणं ही फक्त हळवेपणाची गोष्ट राहत नाही.

माझा मुनवा आला फेब्रुवारीच्या शेवटी. आठ महिन्यांनी. सकाळी पाणी घालायला गेले तर ड्रमच्या कडेला मातीला तडा गेलेला आणि त्यातून करंगळीएवढं हिरवट-गुलाबी टोक. अरुंद. तलवारी! ऑफिसला त्या दिवशी मी चक्क उशिरा पोचले आणि कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं. बॉस कोल्हापूरचा आहे. तो म्हणाला, ‘‘दुसरा आला की मला ठेव.’’

आतेला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘बरा झाला. आता आये मरूक मोकळी.’’ मी गप्पच झाले. मग ती हसली, ‘‘गो, केळीचा बोलतंय मी.’’

पण ते फक्त केळीबद्दल नव्हतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हाही आते त्याच घरात होती. दोन कलमं मुळापासून उन्मळली, एक माड पडवीच्या कौलांवर आला. केळीचं बेट तर पूर्ण झोपलं, उभं एक पानही नाही. गेलेला माड पुन्हा लावा आणि सहा-सात वर्षं नारळाची वाट बघा. आंब्याचं कलमही चार-पाच वर्षं घेतं. आतेने केळीचे मोडके खांब कोयत्याने जमिनीलगत छाटले, बुडाशी माती ओढली आणि पावसाची वाट बघितली. मृग लागला तसे कोंब उठले. पुढच्या होळीला घरात पहिला घड आला तो तिचाच. वादळ वरचं सगळं घेऊन गेलं होतं, कंद शाबूत होता.

त्या घराला जे वादळाने जमलं नाही ते गुडघ्यांनी केलं. आतेला विहिरीपर्यंत जाणं जमेना. आतेभाऊ डोंबिवलीला असतो, त्याने बरीच मनधरणी केली आणि शेवटी तिने हो म्हटलं. घराला कुलूप. आपल्यापैकी अनेकांच्या गावी हे झालंय, त्यामुळे त्याचं फार वर्णन करत नाही. मी सुट्टी काढून आवराआवरीला गेले होते. मला वाटलं, भांडी कुणाला, कपाट कुणाला याची यादी चालली असेल. आते पडवीत बसून माणसं मोजत होती. वाडीतल्या कोणाकोणाकडे न्हाणीच्या पाण्याला जागा आहे, याची!

मी म्हटलं, ‘‘आते, केळ राहील की गं. पाऊस आहे, कंद आहे. तिला कोण लागतंय?’’

तिने मला बेटाजवळ नेऊन उभं केलं. दुखण्यामुळे वर्षभर तिने त्याला हात लावला नव्हता. एकाच जागी पंधरा-वीस खांब, सगळे काटकुळे. मधले कंद जमिनीच्या वर उचलले गेलेले, मुळं उघडी. वाऱ्याने सहज कलंडतील असे. शेवटचा घड आला तो मूठभर, तीन फण्यांचा. पाणी तेच, माती तीच. फक्त मुनवे काढून नेणारं कुणी नव्हतं.

‘‘मागणारो असलो तर केळ जगता,’’ ती म्हणाली. ‘‘मागणारो नाय तर बेट आपल्याच पोरांनी गुदमारता.’’

हे मला कुठल्याच गार्डनिंगच्या व्हिडिओत सापडलं नव्हतं. आपण घेताना संकोचतो. कुणाच्या परसातलं रोप मागायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं, त्यापेक्षा नर्सरीतून विकत घेऊ. पण केळीच्या बाबतीत मागणं हीच निगा! एका आईजवळ एक मोठं लेकरू आणि फार तर एक धाकटं ठेवायचं, बाकीचे मुनवे काढायचेच असतात. ते कुणी नेले नाहीत तर कोयत्याने छाटून टाकावे लागतात. कुणी मागितला तर छाटायचा तो जगतो, आणि मागे राहतात तेही.

त्या दोन दिवसांत पहार घेऊन आम्ही अकरा मुनवे काढले. वाडीत सात घरी गेले. एक देवळाच्या विहिरीजवळ. दोन शाळेतल्या मुलांनी नेले, परसबागेसाठी. एक आतेभावाच्या गाडीच्या डिकीतून डोंबिवलीला. मधले थकलेले कंद आतेने उकरून टाकायला लावले आणि एक आई, एक लेकरू एवढंच घराच्या मागे ठेवलं. कुलूप लावल्यावर ती घराकडे बघत उभी राहील असं मला वाटलं होतं. ती शेजारणीला सांगत होती, ‘‘आवशीक फुल इला की म्हयन्यान आणखी एक कोंब धर. आणि कोणी मागल्यार नाय म्हणा नको.’’

आता मुद्द्याची गोष्ट. चतुर्थीला तुम्ही गावी जालच. चाकरमान्यांच्या बॅगा येताना कशाने भरलेल्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे: खाजं, कोकमं, कुळथाची पिठी. यंदा मागच्या दाराने बाहेर जा. न्हाणीचं पाणी जातं तिथे बघा. तुमच्या घराचं बंद असेल तर शेजारच्या काकींचं बघा. बेट दाटलेलं असणारच, कारण काढून नेणारी माणसं म्हणजे आपणच, आणि आपण असतो भांडुपला नाहीतर हिंजवडीला. पाऊस अजून असतो, माती मऊ असते, लावायलाही उशीर झालेला नसतो. जळगावात मृगबागेनंतर चक्क ऑक्टोबरात कांदेबाग लावतात.

काकींना म्हणा, एक मुनवा द्याल का. तलवारी बघून घ्या. पानं छाटा, मुळं आखूड करा, कंद ओल्या गोणपाटात बांधा. त्याचं नाव विचारा. नाव नसेल तर तो कुठून आला ते विचारा, कुणाच्या माहेरहून, कुणाच्या पाटीतून. हे सगळं मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, कारण हे सांगणारी माणसंही एकदाच फुलतात.

आणि जागाच नसेल तर? तर मागून दुसऱ्याला द्या. माझ्याकडे सध्या ड्रममध्ये दोन कोंब जास्तीचे आहेत. एक कोल्हापूरच्या बॉसला कबूल झालाय. दुसऱ्याला अजून कुणी मागितलेलं नाही.